डाव्या कुशीचा रंग

माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा टॉवेल मी काढला. पवारवहिनींच्या उजव्या कानशिलावरचे पांढरे केस मेंदीने नारिंगी झाले होते, जसे व्हायला हवेत तसे. डाव्या कानशिलावरचे मात्र हिरवे. शेवाळासारखे हिरवे.

मला वाटलं, ट्यूबलाइटचा प्रकाश. त्यांना दारात उन्हात नेऊन उभं केलं. उन्हात ते जास्तच हिरवे दिसले.

वहिनींनी आरसा मागितला. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "ताई, मऊ करायला आले होते मी. हिरवं करायला न्हाय."

त्यांच्या धाकट्या दिराचं लग्न तोंडावर आलं होतं, साताऱ्याकडच्या गावी. त्या थोरल्या जाऊबाई. कारखान्यांच्या बोईसरला राहून केस राठ झाले म्हणून सगळ्या जावा चिडवतात, तर या वेळी मऊ केस मिरवायचे, एवढीच त्यांची हौस. पण त्यांच्या हौसेवर माझंही पोट होतं. पार्लर नवीन होतं. वहिनी ज्या चाळीत राहत, तिथल्या बायका त्यांचं बघून येणार होत्या. वहिनी हिरव्या डोक्याने चाळीत गेल्या असत्या, तर मला शटर ओढून माझ्या गावी, बेटेगावला परतावं लागलं असतं.

आणि तिथे वडील वाटच बघत होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.एससी., केमिस्ट्री. गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. एमआयडीसीत लॅबसाठी मुली नको होत्या, शिफ्ट असते म्हणून. मग मी ब्युटीशियनचा कोर्स केला. वडील म्हणाले होते, "बीएस्सी होऊन लोकांची डोकी धुनार हाय काय?" मी म्हटलं, धुणार, पण नीट धुणार. माझ्याकडे केमिकल नाही, सगळं नैसर्गिक. पाटीवरच तसं लिहून घेतलं होतं.

नैसर्गिक म्हणजे काय, तर मेंदी, दही, भिजवून वाटलेली मेथी, उकळलेल्या चहाचं पाणी आणि लिंबू. मेंदीने केसाला दाटपणा येतो, दही-मेथीने मऊपणा. लिंबाने मेंदीचा रंग चांगला चढतो. लेप लावून वर प्लॅस्टिकची पिशवी आणि गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. उबेने लेप मुरतो.

यात हिरवं काय होतं? मेंदीची पूडच. मनोरच्या बाजारातून आणलेली. जुन्या, उडालेल्या मेंदीत काही व्यापारी हिरवा रंग मिसळतात, ते मला ठाऊक होतं. वहिनींना बसवून ठेवलं आणि ओल्या पांढऱ्या कागदावर चिमूटभर पूड टाकली. रंग मिसळलेला असेल तर लगेच हिरवं वर्तुळ पसरतं. काही पसरलं नाही. शिवाय भेसळ असती तर दोन्ही बाजू हिरव्या झाल्या असत्या. वाटी एक, ब्रश एक, पाणी एक, डोकं एक. मग अर्धंच डोकं हिरवं कसं?

माझी पदवी त्या दुपारी काही कामाची वाटत नव्हती. वहिनींना विचारलं, तेल कुठलं? खोबरेल. न्हायला काय? शिकेकाई. डावीकडे काही वेगळं लावता का? त्या म्हणाल्या, डावं-उजवं डोकं येगळं धुणारी बाई तुमी बघितलीय का कुठं?

मी पुन्हा त्यांच्या केसांकडे पाहिलं. हिरवा पट्टा कानशिलापासून कानामागे, मानेपर्यंत गेलेला. लावलेल्या लेपासारखा नव्हता तो. दाबलेल्या जागेसारखा होता.

"वहिनी, तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाऊलभर मागे सरले. "हे तुमच्या कॉलेजात शिकवत्यात व्हय?" मग म्हणाल्या, डाव्या.

डोक्याला पदर घेऊन त्या घरी गेल्या आणि उशी घेऊन आल्या. अभ्रा जाड सुती कापडाचा, पांढरा, नवाकोरा, अजून पाण्यात न पडलेला. वहिनींचे यजमान पवारभाऊ लोकरीचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात ऑपरेटर. तिथे रंग गाळायला फिल्टर प्रेस असतो, म्हणजे कापडाच्या थरांतून दाबून गाळायचं मोठं यंत्र. त्याच्या कोऱ्या कापडाचे उरलेले तुकडे कामगारांना मिळायचे. चाळीत निम्म्या उशांना तेच अभ्रे. मी ओला नॅपकिन अभ्र्यावर दाबला आणि उचलला. नॅपकिनवर निळे ठिपके उमलले, शाई शिंपडल्यासारखे.

कारखान्यात उडणारी कोरड्या रंगाची धूळ विणीत बसली तर डोळ्यांना दिसत नाही. पाणी लागलं की फुलते. तेलकट डोक्याला ती रोज चिकटत होती. निळा आणि मेंदीच्या नारिंगीतला पिवळा मिळून हिरवा. इथवर ठीक. पण मग सगळी चाळ हिरवी का नव्हती?

हे कळायला मला आणखी बराच वेळ लागला. बाकीच्या बायकाही वहिनींसारख्याच शिकेकाईने न्हायच्या, धूळ पाण्याबरोबर मोरीत जायची; पण माझा लेप त्यांनी लावला नव्हता. लोकर रंगवायच्या रंगाला तीन गोष्टी लागतात: आंबट पाणी, ऊब आणि वेळ. केस म्हणजे लोकरीचाच भाऊबंद. लिंबू, दही, गरम टॉवेल आणि तासभर बैठक, हे सगळं मीच पुरवलं होतं. रंग कारखान्याचा, पण तो पक्का करणारी भट्टी माझी. अगदी नैसर्गिक.

साध्या साबणाने पुन्हापुन्हा धुऊन थोडा उतरला, सगळा नाही. शेवटी लोखंडी कढईत रात्रभर आवळा आणि मेंदी भिजवली, लिंबाचा थेंब न घालता. लोखंडाने लेप काळा पडतो. दुसऱ्या दिवशी तो संपूर्ण डोक्याला लावला. मग टॉवेल काढला. केस काळपट तपकिरी निघाले, दोन्ही बाजूंनी सारखे. वहिनींनी आधी डावी बाजू पाहिली, मग उजवी, मग परत डावी.

लग्नाहून आल्यावर त्यांनी चाळीतल्या बायका पाठवल्या. अभ्रा मात्र टाकला नव्हता. कापड दणकट आहे म्हणून तो नवऱ्याच्या उशीला घातला होता. त्यांना टक्कल होतं.

तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं की तेल-साबण विचारण्याआधी मी विचारते, नवरा कुठल्या प्लांटला आहे? बायकांना मी भोचक वाटते. वाटू दे. पाटीवरचं "नैसर्गिक" मी पुसलं नाही, पण नैसर्गिक म्हणजे केमिस्ट्री नव्हे, असं मानणं सोडून दिलं.