स्कॅनच्या खोलीतलं हसू

हॉस्पिटलात सगळे तिला ताई म्हणत. डॉक्टर म्हणत, झाडलोट करणाऱ्या बाया म्हणत आणि तिच्या आईच्या वयाचे पेशंटही म्हणत. तळमजल्यावर सीटी स्कॅनच्या खोलीत, जाड काचेच्या अलीकडे तिची खुर्ची होती. काचेपलीकडे यंत्राचं ते पांढरं धूड आणि त्यात हळूहळू सरकत जाणारं माणूस. एकोणीस वर्षं ती तिथे बसत होती. कामात चोख, बोलण्यात कंजूष.

या कामातलं एक दुखणं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. रिपोर्ट डॉक्टरांनी लिहायचा, पेशंटला सांगायचाही त्यांनीच; पण पडद्यावर सगळ्यात आधी दिसतं ते ताईला. तिचे डोळे इतके तयार झाले होते की यंत्राची घरघर थांबायच्या आत तिला कळायचं. मग तेच माणूस शर्टाची बटणं लावत बाहेर येणार आणि विचारणार, "ठीक आहे ना हो सगळं?" ताई म्हणणार, "डॉक्टर सांगतील." चेहरा कोरा ठेवून. दिवसाला पंचवीस-तीस वेळा.

घरी बोलायची सोय नव्हती. पेशंटची गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा नियम. आणि नवरा तसा लाख माणूस, पण बोट कापलेलं पाहूनही त्याला घेरी यायची. त्याला काय सांगणार?

सांगायला एक मामा होते.

मामा म्हणजे व्हीलचेअर ढकलणारे. वॉर्डातून पेशंट आणायचे, परत न्यायचे. मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. दारातूनच ओरडायचे, "ताई, पाहुणे आणलेत, जपून घ्या!" भेदरलेला पेशंटही तेवढ्यापुरता हसायचा. दुपारी चारला दोघं मागच्या पायऱ्यांवर चहा घेत. ताई एवढंच म्हणायची, "आज एक वाईट होता, मामा." मामा नाव विचारत नसत, आजार विचारत नसत. "हं," म्हणत, आणि मग आपल्या मुलीच्या गमती सुरू करत. मुलगी दूरच्या शहरात नर्स होती. ती लहानपणी मांजराला कसं इंजेक्शन द्यायला निघाली होती, हा किस्सा ताईने शंभरदा ऐकला असेल. कप रिकामा होईपर्यंत छातीवरचा दगड थोडा सरकलेला असायचा.

त्या वर्षी मामांना खोकला लागला. महिना झाला, दोन झाले. ताई मागेच लागली.

"स्कॅन करून घ्या."

"अहो, धुळीचा खोकला आहे. तुमच्या यंत्राला उगाच कशाला त्रास?"

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी दरडावलं, तेव्हा ते तयार झाले. मुलीने तिकडे चार दिवसांची रजा काढली, तिकीटही काढलं. "बाबा, रिपोर्ट घ्यायला मी येते तुमच्याबरोबर," म्हणाली.

मामा यंत्रात आडवे झाले, तेव्हाही त्यांची बडबड चालूच होती. ताईने माइकवरून दटावलं, "मामा, आता तोंड बंद." चित्रं पडद्यावर येऊ लागली. उजव्या फुप्फुसात ते होतं. डावीकडेही होतं. यकृतावर ठिपके होते.

मामा बाहेर आले, मिशीवरून हात फिरवत. "काय ताई? आत काही आहे का माझ्या, की नुसता भुसा?"

दुसरं कुणी असतं तर तिने म्हटलं असतं, डॉक्टर सांगतील. पण हे वाक्य मामांनी तिच्या तोंडून हजारो वेळा ऐकलं होतं. ती काय बोलते, यापेक्षा कशी बोलते, ते त्यांना बरोबर कळलं असतं. त्या एका क्षणात ताई घाबरली. आणि हसली.

"भुसाच," ती म्हणाली.

मामांनी तिथेच फोन लावला. "अगं, ताई हसली! एकोणीस वर्षांत त्या खोलीत हसली नव्हती ती. येऊ नकोस, रजा जपून ठेव." ताई काचेमागे उभी राहून ऐकत होती. आत्ता बाहेर जावं, फोन काढून घ्यावा, असं तिला वाटलं. पण ती गेली नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. त्या दुपारी मामा चहाला आले नाहीत. दुसऱ्याही दिवशी नाहीत. आठवड्याभरात त्यांनाच वॉर्डात दाखल केलं. मुलीची रजा तोवर रद्द झालेली. दुसरी मिळायला अठरा दिवस गेले. ती आली तेव्हा आजार मेंदूत पोचला होता. मामांचे डोळे उघडे होते, पण मुलगी कोण, ते त्यांना कळत नव्हतं.

त्याच्या आधी एकदा ताई त्यांच्या खाटेशी गेली होती. मामांनी विचारलं,

"तुम्हाला दिसलं होतं ना?"

"हो, मामा."

"मग हसायला नको होतं, ताई."

एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने तो झेलला असता.

मामा गेले. पाचव्या दिवशी एक म्हातारबुवा यंत्रात झोपलेले असताना ताईचा हात बटणावरच थांबला. बोट खाली जाईना. बुवा आतून विचारताहेत, "झालं का हो?" नर्सने तिला हाताला धरून उठवलं.

मोठ्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांची रजा दिली आणि वरच्या मजल्यावरच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. 'मनावरचा ताण? आमच्याशी बोला,' अशी पाटी त्या दारावर कित्येक वर्षं होती. ताई आणि मामा तिची टिंगल करत. आता त्याच दारातून ती आत गेली.

बाईंनी विचारलं, "हे सगळं इतकी वर्षं कुणाशी बोलत होता?"

"मामांशी," ताई म्हणाली. आणि पहिल्यांदा रडली. पदर तोंडात कोंबून, हमसून हमसून.

चार बैठका झाल्या. झोप थोडी परतली. पाचव्या बैठकीला जायच्या आधी ती मामांच्या घरी गेली. मुलगी सामान बांधत होती. ताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

मुलीने हातातली घडी पुरी केली. "हे मला आत्ता का सांगताय?" ती म्हणाली. "माझं वजन वाढवायला, की तुमचं उतरवायला?"

मुलीने तिला दारापर्यंत सोडलं आणि दार हळूच लावून घेतलं.

ताई पुन्हा कामावर रुजू झाली. आता कुणी विचारलं, तर ती म्हणते, "मला दिसतं, पण सांगायचा अधिकार डॉक्टरांचा आहे. रिपोर्टच्या दिवशी घरचं कुणी बरोबर आणा." हे ती सगळ्यांना सांगते, ज्यांना काही झालेलं नाही त्यांनाही. चारला चहा ती खुर्चीतच घेते.

मुलीच्या घरून परतल्यावर ती स्वयंपाकघरात नवऱ्यासमोर उभी राहिली होती. "मला काहीतरी सांगायचंय," म्हणाली, "आणि तुम्हाला ते सोसणार नाही." त्याने गॅस बंद केला, हात पुसले आणि तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. तो पांढराफटक पडला होता, पण तिचं बोलणं संपेपर्यंत समोर बसून राहिला.