काचेच्या गोळ्यातली वीज आणि मामाचं कुंपण

आमच्या घरातला प्लाझ्माचा गोळा नाटकातून काढून टाकलेला आहे. आमच्या वडशाला थंडीभर झाडीपट्टीची, म्हणजे इथल्या जंगली मुलखातली, नाटकं चालतात. त्यातल्या एका कंपनीनं मांत्रिकाच्या प्रवेशासाठी हा काचेचा गोळा आणला होता. त्याच्या पोटात जांभळ्या विजेचे धागे वळवळतात आणि काचेला बोट लावलं की सगळे त्या बोटाकडे धावतात. जवळून पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. पण झाडीपट्टीचं नाटक पाहायला अख्खा गाव मैदानात बसतो, आणि पुढच्या दोन-तीन ओळी सोडल्या तर तो गोळा कुणाला दिसेचना. पहिल्याच प्रयोगात मागून आवाज आला, "अबे, मांत्रिकाच्या हाती कोहळं काऊन दिलं?" लोक हसले, मग मांत्रिकही हसला आणि प्रवेश बुडाला.

कंपनीनं तो गोळा लाइटवाल्या चाचांच्या गळ्यात मारला. चाचा आमचे शेजारी. थंडीत नाटकांचे लाइट सांभाळतात, बाकीचं वर्षभर पंखे आणि पंपाच्या मोटारी वाइंड करतात. त्यांनी तो मला दिला. "घे बेटा. तू सायन्सवाली. माझ्या दुकानात हे ठेवलं तं गिऱ्हाईक मोटर सोडून यालेच हात लावत बसते."

मी त्यांच्याकडून जळलेल्या ट्यूबलाइटही उचलून आणल्या. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर गोळा, आणि मी हातात निकामी ट्यूब घेऊन उभी. ट्यूब गोळ्याजवळ नेली की ती पेटायची. ना वायर, ना होल्डर. दुसऱ्या हाताची मूठ ट्यूबवर मध्येच धरली की उजेड मुठीपाशी थांबायचा, पुढची ट्यूब काळीच. मूठ सरकवली की उजेडही सरकायचा. रेडिओ जवळ ठेवला तर तो चरचरायचा. काचेवर नाणं ठेवून बोट जवळ नेलं की बारीक ठिणगी उडून सुईसारखं टोचायचं आणि कातडी करपल्याचा वास यायचा. आई खाली बसून पत्रकांच्या घड्या घालत असायची. मध्येच मान वर करून म्हणायची, "घर जाळशील तं आधी पत्रकं बाहेर काढ."

आमच्या घरी कायम पत्रकं असतात. जंगलाच्या हक्काची, बुवाबाजीविरुद्धची, दारूबंदीची, मोर्च्याची. आई-बाबा दोघंही चळवळीतले. मी वाचायला शिकले ती त्यावरच. 'जाहीर सभा' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी येत होते. पुढं मीही पत्रकं लिहू लागले. शेताच्या कुंपणात वीज सोडण्याविरुद्धचं पत्रक माझं आहे. आमच्या आणि शेजारच्या, दोन्ही जिल्ह्यांत हे चालतं. जंगलाला लागून धान असतो, रात्री रानडुकरं येतात, आणि सकाळी जिथं लोंब्या होत्या तिथं नांगरल्यासारखा चिखल उरतो. मग माणूस तार ताणतो आणि तीत करंट सोडतो. डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. वाघ मेला तर वरपर्यंत फोन जातात. माणूस मेला तर पंचनामा होतो. मी हे सगळं त्या पत्रकात लिहिलं होतं, ठळक अक्षरांत, उद्गारचिन्हांसह.

माझा मामा सिंदेवाहीकडच्या एका गावात राहतो. त्याला बोअरचं पाणी आहे, म्हणून उन्हाळी धान घेतो. थंडीत तो आमच्याकडे नाटक पाहायला आला तेव्हा मी त्याला गोळा दाखवला. त्यानं आधी एक बोट लावलं, मग पंजा, मग दोन्ही हात.

"मामा, याच्या आत हजारो व्होल्ट आहेत," मी म्हणाले.

"हजारो? मंग मी काऊन नाई मेलो?"

मी समजावलं. मध्ये काच आहे, आणि काचेपलीकडून हातापर्यंत येणारा प्रवाह अगदी किरकोळ असतो. घरातली वीज तशी नसते. तो मान हलवत राहिला. त्यातलं कोणतं अर्धं त्यानं ऐकलं ते मला मोहाची फुलं पडायच्या दिवसांत कळलं.

त्या दिवशी तो दुपारच्या पॅसेंजरनं आला आणि चाचांच्या दुकानातून थेट आमच्याकडे आला. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला दोनशे वॅटचा बल्ब होता. नाटकाच्या स्टेजवर पूर्वी लावायचे तसला, दुधीएवढा.

"बाई," तो आईला म्हणाला, "औंदा धान असा आला आहे का तुले पाहूनच पोट भरंल. पण डुक्कर माजले. तार लावली मी बांधाच्या कडेनं. आता बल्ब जोडतो न् उद्यापासून चालू."

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. "करंट सोडतं?"

"करंट नाई वो, झटका! बल्बातून देतो ना. चाचाच्या दुकानात पाह्यलं मी. मोटर जळेल असते तं तो सिरीजमंधी, म्हंजे मोटरच्या वाटेतच, बल्ब लावते. बल्ब पेटते, पण फ्यूज उडत नाई, काही जळत नाई. काऊन? का बल्ब करंट खाते. लोकं शंभरचा लावतात, मी दोनशेचा आणला. मोठा बल्ब जास्त खाईन. डुकराले नुसता झटका बसंन न् पळंन."

बल्ब जितका मोठा तितका तो जास्त प्रवाह जाऊ देतो. म्हणजे मामानं काळजीपोटी, कुणी मरू नये म्हणून, नेमकी उलटी वस्तू विकत आणली होती. आणि त्या बांधावरून रोज पहाटे कोण जातं ते मला माहीत होतं. मामीची मोहाची झाडं शेताच्या पलीकडे आहेत. वाघाच्या भीतीनं बायका टोळीनं जातात, पण जातात उजाडता उजाडताच, कारण उशीर झाला तर पडलेला मोह जनावरं खातात.

"अन् मामी?" मी विचारलं.

"ते निंगाच्या आधी मी बटन बंद करतो ना."

"आणि रात्री लाइन गेली, तू झोपून गेलास, पहाटे लाइन आली तर?"

"मी नाई झोपत."

मग मी सुटले. कायदा सांगितला, गुन्हा सांगितला, शेजारच्या तालुक्यात काय झालं ते सांगितलं. माझं पत्रक त्याच्या पुढ्यात ठेवलं. मामानं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"चांगलं लिवलं. आता हे डुकराले वाचून दाखव."

"मामा, यात माणसं मरतात!"

"तूच तं दाखोलं, हजार व्होल्टाले हात लावून माणूस हासते म्हणून! आता कशी पलटली?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "डुक्कर सरकारचा, धान माया. सरकार येते का राखाले?"

भरपाईचे कागद घेऊन तो किती खेटे घालतो ते मी पाहिलेलं आहे. माझा राग त्याच्यावर नव्हताच, पण आवाज त्याच्यावरच चढला होता.

आईनं मला थांबवलं. "भाषण पुरे. भाषणानं माझा भाऊ आजवर कधी मानला नाई. त्याले गोळा दाखवून बिघडवला ना? आता दुसरं काही दाखव."

संध्याकाळची गाडी अजून लांब होती. मी फ्रिजमधली एक जून काकडी उचलली आणि मामाला म्हटलं, "चाचांकडे चल. बल्ब घेऊन ये. माझं खोटं निघालं तर मीच येते तुझं कुंपण जोडायला."

"तुई आई आहे साक्षीले," मामा म्हणाला आणि चप्पल घालू लागला.

माझं म्हणणं चाचांना आधी पटेना. "बेटा, भाऊची बात एकदम गलत पण नाही. माझी सिरीज माझ्या मोटरले वाचवते. दुकानात धूर निघू देत नाही."

"मोटरला वाचवते चाचा. माणसाला वाचवेल का?"

"आता माणसाले कोण सिरीजमधे लावून पाह्यते!" पण त्यांना उत्सुकता आवरली नाही. त्यांनी पायाखालची रबरी चटई सरकवली, आम्हा दोघांना टेबलापासून लांब उभं केलं आणि जोडणी स्वतः केली. दोनशेचा बल्ब, त्याच्या पुढे काकडी, काकडीत दोन टोकांना दोन खिळे. मामाच्या कुंपणात डुकराची जी जागा, तीच इथं काकडीची.

मला खात्री नव्हती. हिशेब मी मनात केला होता, पण काकडीवर तो मी कधी करून पाहिला नव्हता. काकडी नुसती पडून राहिली असती तर मामा संध्याकाळच्या गाडीनं जिंकून परत गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी तार चालू झाली असती.

चाचांनी बटण दाबलं. बल्ब काळाच राहिला.

"पाह्य!" मामा म्हणाला. "बल्ब पेटलाच नाई. करंट कुठी आहे?"

तेवढ्यात काकडी बोलली. आधी बारीक चर्र, मग दोन्ही खिळ्यांपाशी फेस, मग वाफ. फोडणीत पाणी पडावं तसा आवाज दुकानभर झाला. शिजलेल्या काकडीचा तो गोडसर, नकोसा वास आला. चाचांनी बल्बवर ओंजळीची सावली धरून पाहिलं. आतली तार लालसर झाली होती, न झाल्यासारखी. काकडी मात्र मधोमध मऊ पडून वाकत होती.

"या अल्लाह," चाचा म्हणाले आणि त्यांनी बटण बंद करून पिनच ओढून काढली.

मी पाठ केलेलं काही बोलले नाही. एवढंच म्हणाले, "बल्बानं काही खाल्लं नाही मामा. सगळं काकडीच्या वाट्याला आलं. आपल्या अंगातही असंच खारट पाणी असतं."

मामानं काकडीला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. मग पुन्हा लावलं. बराच वेळ तो त्या खिळ्यांच्या भोकांकडे पाहत होता. चाचांनी न सांगता चहा मागवला.

"बल्ब ठेव तुयापाशी," शेवटी मामा चाचांना म्हणाला.

"पैसे वापस घ्या ना, भाऊ."

"घेतो ना. सोडतो का?" आणि माझ्याकडे वळून, "तू लय शहाणी. चल मंग. डुक्कर तू हाकल."

त्याला वाटलं मी हसेन. मी घरी जाऊन पिशवी भरली. आई म्हणाली, "जा. पत्रकाच्या घड्या मी घालतो." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, 'घालतो', 'करतो', शाळेतल्या बाईंनी खूप खोडलं, गेलं नाही.

धान कापेपर्यंत मी तिथं राहिले. मामानं तार गुंडाळून गोठ्यात टाकली. शेतात मचाण होतंच. आम्ही पाळ्या लावल्या. वाजवायला तेलाचं रिकामं पिंप, दोन काठ्या, मोठा टॉर्च. शेजारच्या शेतातल्या दोघांनाही मामानं ओढलं. त्यांच्याही कुंपणात वीज होती, आणि काकडीची गोष्ट मामानं त्यांना अशी सांगितली की शेवटी ती काकडी ओरडली. त्यांनीही वीज काढली, मी दुरुस्ती केली नाही. एकाची डुकरं दुसऱ्यानं हाकलायची असं ठरलं. तरी जंगलाकडची एक पट्टी गेलीच. मामा रोज सकाळी ती पट्टी मला दाखवायचा. "हे तुया पत्रकाचं." मी ऐकून घ्यायचे. धान त्याचा होता, बोलायचा हक्क त्याचा होता, आणि इतकं होऊनही त्यानं तार पुन्हा बाहेर काढली नाही.

विजेबद्दल मी जे शिकले ते पुस्तकांतून, चाचांच्या भंगारातून आणि त्या गोळ्यातून. पण एखाद्या माणसानं आपलं मत बदलणं म्हणजे काय, त्यात त्याचं काय जातं, हे मला त्या पट्टीनं शिकवलं. मी कुणाची ऋणी असेन तर मामाची. मी पत्रकं अजून लिहिते. उद्गारचिन्हं कमी झाली आहेत.

एका सकाळी मचाणावर मी एकटीच होते, मामा चहाला घरी गेला होता. धुक्यासारखा पांढरा उजेड होता आणि बायका मोह वेचून परत येत होत्या. मामी सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर भरलेली टोपली, मागच्या कुणाला तरी हसत काहीतरी सुनावत. बांध रात्रीच्या पाण्यानं निसरडा झाला होता. तिचा पाय घसरला. टोपली वाचवायला एक हात वर होताच, दुसऱ्या हातानं तिनं कडेची खुंटी घट्ट पकडली. तारेसाठी मामानं ठोकलेली ती बांबूची खुंटी होती. तार गेली होती, खुंट्या तशाच उभ्या होत्या. ओली खुंटी, ओला हात, चिखलात अनवाणी पाय. ती एक क्षण तशीच लोंबकळल्यासारखी उभी राहिली, तोल सावरला, खुंटी सोडली आणि हात लुगड्याला पुसला.

मी मचाणावरून कधी उतरले ते मला आठवत नाही. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तिच्या त्या हाताकडे पाहू लागले.

"काय पाहून राह्यली वो?" मामी म्हणाली. "मान दुखून राह्यली माई. धर ना टोपली."

मी टोपली धरली.