कालची प्रत

सुनंदा सामंत बाई. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. आमच्या घरात आधी कुणी दहावीसुद्धा झालं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म बाईंनी स्वतः भरला, वडिलांची सही घ्यायला चिऱ्याच्या खाणीवर चालत आल्या. त्यांच्या बाबतीत मी जे केलं ते परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं — बायकोलाही नाही.

निवृत्तीनंतर बाई मुलुंडला मुलाकडे आल्या. गावाकडच्या बायकांच्या तोंडचे मालवणी शब्द त्या कॉम्प्युटरवर उतरवत होत्या — शब्द, अर्थ, सांगणारीचं नाव. त्यातल्या कितीतरी जणी आता हयात नाहीत. "संदीप, हे जपलं जाईल असं काहीतरी बसवून दे रे. फुकटातलं बघ हां, पेन्शनीतली बाई आहे मी!"

मी बॅकअपची दोन टूल्स पाहिली. दोन्ही फुकट. एक रोजची वेगळी प्रत ठेवणारं, पण बसवायला किचकट. दुसरं सोपं — कॉम्प्युटरवर जे असेल तेच बाहेरच्या डिस्कवर. इथे पुसलं की तिथेही पुसलं. हे मी वाचलं नव्हतं का? — वाचलं होतं. तरी सोपं ते बसवलं, चहा प्यायलो आणि बोरिवलीला परतलो.

वर्षभराने फोन आला. बाईंच्या हातून सगळी फाइल पुसली गेली होती, आणि घाबरून त्यांनी ती तशीच सेव्ह केली होती. मी पोचेपर्यंत डिस्कवरचीही कोरी. दोन दिवस धडपडलो — एक शब्द हाती लागला नाही.

"माझ्याच हाताने गेलं ना रे सगळं?" बाईंनी विचारलं.

काय म्हणायला हवं होतं मी? — मी म्हणालो, "हो बाई. तुम्हीच सेव्ह केलंत, मग कुठलंही टूल काय करणार?"

"सॉरी रे. तुझेही दोन दिवस खाल्ले मी."

मला सॉरी — मला!

त्यानंतर बाईंनी कीबोर्डला हात लावलेला नाही. शेजारणींना हसत सांगतात, "म्हातारीला कशाला हवेत असले उद्योग!" मी समोर बसलेला असतो. तीन वर्षं झाली.

परवा पत्र टाकलं.

"आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.
फाइल तुमच्या हातून पुसली गेली, तरी आदल्या दिवशीची प्रत राहायला हवी होती. ती ठेवणारं टूलही फुकटच होतं. मला माहीत होतं. मी ते बसवलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. ते शब्द आता मला परत आणता येत नाहीत.
तुमचा विद्यार्थी,
संदीप"