डोंग्याचं बूड

प्रेमदासचा स्वभाव झाकायचा. दाराचा रंग उडाला की तो उडालेल्या रंगावरच नवा मारी. त्यामुळे त्याचं दार इतकं जाड झालं होतं, की ते पावसाळ्यात लागत नसे आणि उन्हाळ्यात उघडत नसे. सदरा फाटला की त्यावर दुसरा सदरा. भिंतीवर नवं कॅलेंडर लावताना जुनं काढायचं नाही. "राहू दे, भिंतीले आधार हाये," असं वर म्हणायचं. त्याच्या बायकोनं, अन्नपूर्णेनं, या माणसाबरोबर अर्धा जन्म काढला आणि तोही हसत काढला. फक्त डोंग्याच्या बाबतीत तिला अलीकडे हसू येईनासं झालं होतं.

डोंगा म्हणजे त्यांची सागवानी नाव. रोहणा गावाच्या पुढे धरणाचं पाणी आहे, तिथं दोघं मासे धरतात. तो वल्हं मारतो, ती मागच्या टोकाला बसून जाळं ओढते. त्याला पोहता येतं, तिला येत नाही. मासेमार ढिवराची लेक, ढिवराची सून आणि पोहता येत नाही, यावर गावानं पुष्कळ गंमत करून घेतली आणि तीही त्यात हसली. पण गेल्या हंगामात तिच्या पायाखाली पाणी झिरपायला लागलं. एका हातात जाळं, दुसऱ्या हातात पाणी उपसायचं डबडं, आणि तोंडात देवाचं नाव.

दर उन्हाळ्यात डोंगा पालथा घालायचा, फटींत कापसाचा पिळा ठोसायचा आणि जुन्या डांबरावर नवं तापलेलं डांबर फासायचं, ही प्रेमदासची रीत. यंदा अन्नपूर्णा आडवी आली.

"जुनं खरवडा आधी. लाकूड पाहू द्या मले."

"लाकडाले काय धाड भरली? सागवान हाये ते."

"मंग पाहाले भेता काऊन?"

भीत तर तो होताच. चांगलं लाकूड बोटानं ठोकलं की खणखणीत बोलतं, सडकं मुकं राहतं. पण डांबराच्या इतक्या थरांखाली सगळंच मुकं. रोज सकाळी तो ठोकून बघे आणि रोज मनाची समजूत घाली, की डांबर जाड आहे, म्हणून आवाज नाही. खरवडलं आणि सड निघाली, तर बुडाच्या फळ्या बदलणं आलं. डोंग्याचं काम जाणणारा सुतार जवळपास उरला नव्हता. म्हणजे हंगाम गेला. आणि नाही खरवडलं, तर... या 'तर'पाशी पोचलं की तो उठून बिडी शोधायला जाई.

अशात समुद्रपूरहून भाऊजी आले. प्रेमदासच्या मोठ्या बहिणीचे यजमान. घरांना रंग देण्याची कामं घेत. त्यामुळे रंग लागणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचं मत तयार असे. मे महिन्याच्या दुपारी, पांढऱ्याशुभ्र पायजम्यात, ते अंगणातल्या पालथ्या डोंग्यावर ऐसपैस बसले आणि निकाल देते झाले.

"खरवडाचं नाईच, प्रेमदास! खरवडलं का पोपडा निघते, पोपडा निघाला का भिंत निघते."

"भिंत नोहे जी हे भाऊजी, डोंगा हाये," अन्नपूर्णा म्हणाली.

"एकच. वरून मारा, मजबूत हाये. मी बसलो ना वर!"

बसले होते खरे. चहा आला तेव्हा उठायला गेले, तर उठवेना. उन्हानं डांबर विरघळलं होतं. प्रेमदासनं एक हात ओढला, शेजारच्या रामबाईनं दुसरा. चर्रकन आवाज झाला आणि भाऊजी सुटले ते भाकरीएवढा डांबराचा पापुद्रा मागे घेऊनच.

"डोंगा समुद्रपूरले नेता का जी संगं?" रामबाईनं विचारलं. अन्नपूर्णा पदर तोंडाला लावून हसत सुटली. खूप दिवसांनी हसली.

प्रेमदास हसला नाही. पापुद्रा निघाला तिथं त्यानं अंगठा टेकवला होता, आणि तो शिजलेल्या वांग्यात जावा तसा आत गेला होता. जागा मागच्या टोकाची. बायकोच्या बैठकीची. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून अलगद त्यावर टाकला.

मग त्यानं चूल पेटवून डांबर तापत ठेवलं. एक हात मारला की झालं. दिसणार नाही, कुणी विचारणार नाही. दुपट्टा उचलून त्यानं डांबरात कुंचा बुडवलाही. आतून अन्नपूर्णेचा आवाज येत होता. रॉकेलनं पायजमा घासता घासता ती रामबाईला सांगत होती, "भाऊजी म्हनते मजबूत हाये. उगाच भेत व्हतो मी. बसीन बाई यंदाबी."

कुंच्यावरून डांबर टपटप मातीत गळत राहिलं.

"इकडं ये वं जरा," तो म्हणाला.

ती आली. तिनं पाहिलं, स्वतःचं बोट घालून पाहिलं.

"इथं तं मी बसतो," ती म्हणाली.

"हो."

तिची नजर चुलीवर गेली. "आन हे डांबर कायले तापवलं?"

त्यानं कुंचा खाली ठेवला.

"बोला ना!"

"मारनार व्हतो."

ती आत गेली. आता परत येत नाही, असं त्याला वाटलं. पण आली, हातात खुरपं घेऊन. "घ्या. का बाकीचं भाऊजीच्या पायजम्यानंच काढता?"

दिवस कलेपर्यंत तो खरवडत होता. बुडाच्या तीन फळ्या कामातून गेलेल्या निघाल्या. भाऊजी प्रेमदासच्या लुंगीत, डोंग्यापासून लांब, खाटेवर, पहिल्यांदाच मताशिवाय बसले होते.

"हंगाम गेला," प्रेमदास म्हणाला.

अन्नपूर्णेनं खरवडलेलं डांबर टोपलीत भरलं. "काठावरून जाळं फेकू," ती म्हणाली. "जेवन वाढीन मी. पन आज तुमच्यासंगं बोलाची नाई."