सव्वा रुपयाचा आहेर

विमा कंपनीच्या नागपूरच्या साहेबाने आमच्या मास्तरांना फसवले. मला नव्हे. माझी नुसती गाडी गेली. ती मी पुन्हा उभी केली. मास्तरांचा शब्द गेला, तो कोणी उभा केला नाही.

आर्वीत राहिला असाल तर मास्तर तुम्हीही पाहिले असतील. सकाळी शाळा, दुपारी विमा. मोटार दिसली की टरबूज वाजवून पाहावे तसे बॉनेटवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "लेकरू धडधाकट आहे, पण उघडं आहे."

मी सरकीच्या पोत्यांवर बसून धंदा शिकलेला माणूस. नागपूर अजून मध्यप्रदेशाची राजधानी होते, तेव्हा मी जुनी का होईना, मोटार घेतली. विम्याचा हप्ता ऐकून भडकलो.

"अर्ध्यावर या, मास्तर."

"शेटजी, हे वांगे नाईत. घासाघीस करून हप्ता उतरत नाई. अक्कल लावून उतरते."

गाडीची किंमत मी ऐटीत फुगवून सांगितली होती. मास्तर हसले. "मोडली तर कंपनी बाजारभावानंच देईन. ऐटीचा हप्ता काऊन भरता?" किंमत खाली आली. "पहिलं थोडं नुकसान आपणच सोसू म्हणून कबूल करा, आणखी उतरते. दिवा फुटला, रंग खरचटला, तर दावा नका लावू. बिनदाव्याचं वर्ष गेलं का पुढच्या वर्षी सूट." मग बोट उगारले. "भाड्याच्या गाडीचा हप्ता लय भारी. तुमची घरची आहे, घरची लिहू. पण मंग एक आणा भाडं घ्यायचं नाई. खोटं बोलून हप्ता वाचवला, का समजा विमाच नाई."

मी उभ्या जन्मात इतक्या मुकाट्याने कोणाचे ऐकले नव्हते.

आमच्याकडे ज्याच्या दारी मोटार, त्याच्या दारी लग्नसराईत अर्धा तालुका. नवरदेवासाठी गाडी मागायला आलेल्याला नाही म्हणता येत नाही. आणि नवरदेव उतरला की नारळ, दुपट्टा आणि सव्वा रुपया ठेवल्याशिवाय वऱ्हाडी गाडी हलू देत नाहीत. मास्तरांना याचीच धास्ती. साहेब आर्वीला आले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर विचारले.

साहेबांनी मास्तरांच्या घरचे पोहे खाता खाता हात झटकला. "अहो मास्तर, आहेर म्हणजे का भाडं? खुशाल द्या गाडी." आणि त्याच बैठकीत पुतण्याच्या वरातीसाठी माझी गाडी मागितली. मी दिली. पेट्रोलही माझेच.

मास्तरांनी मग गावातल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगितले, "बिनधास्त राहा. साहेबाचा शब्द आहे, अन् माझाही."

पुढच्या उन्हाळ्यात वडनेरला नवरदेव पोचवून रिकामी परतताना गाडीपुढे बैल आडवा आला. ड्रायव्हर वाचला, बैल वाचला, गाडीचे तोंड बाभळीवर गेले. कंपनीचा माणूस वडनेरला चौकशीला गेला. नवरदेवाच्या बापाला भरल्या ओसरीत विचारले, गाडीवाल्याला काय दिले? चार माणसांत सव्वा रुपया कोण सांगेल? बापाने मिशीवर हात फिरवला.

"पन्नास देल्ले, साहेब! आमी का भिकारी आहो?"

झाले. पन्नास म्हणजे भाडे. दावा फेटाळला.

मी आणि मास्तर नागपूरला गेलो. मास्तर हात जोडून उभे. "साहेब, तो बाप बढाई मारून राह्यला. अन् आहेराचं तर तुमीच म्हटलं होतं."

"मी? एजंटाने गिऱ्हाइकाला चुकीचे सांगितले, एवढेच मला दिसते."

मी टेबलावर हात आपटला. पुतण्याच्या वरातीचे नाव काढणार, तोच मास्तरांनी माझी बाही ओढली. "शेटजी, त्यायच्या घरचं शुभकार्य होतं थे. मंधात नका आणू."

साहेबाने त्याच आठवड्यात त्यांची एजन्सी काढून घेतली.

आणि आमचे गाव! ज्यांचे हप्ते मास्तरांनी पायपीट करून उतरवले, तेच पानठेल्यावर म्हणू लागले, "मास्तर, तुमचा विमा म्हंजे घरी राह्यलेली छत्री." माझी दुरुस्त गाडी मास्तरांनी एकदा रस्त्यात पाहिली. सवयीने हात बॉनेटकडे गेला, वरच थांबला आणि कोटाच्या खिशात गेला. मी म्हटले, "वाजवा ना, मास्तर." ते म्हणाले, "आता कोणत्या तोंडानं?"

पुढे ते लेकीकडे पिपरीला राहायला गेले आणि तिथेच वारले.

आता माझी बाही ओढायला कोणी नाही. साहेब, तुमच्या पुतण्याला घेऊन माझी गाडी मांडवाशी थांबली तेव्हा तुम्ही स्वतःच्या हाताने तिच्यावर नारळ, दुपट्टा आणि सव्वा रुपया ठेवलात. तो आहेर होता की भाडे? आर्वीच्या चौकात या, मास्तरांच्या गिऱ्हाइकांसमोर उभे राहा, आणि सांगा.