आधी नाव ऐकू येऊ दे

घरी बसून गाणी मिक्स करणाऱ्यांनो, आज माझी चांगलीच जिरली.

पनवेलच्या माझ्या छोट्या स्टुडिओत सकाळी आपटा गावच्या एक मावशी आल्या होत्या. त्या धवलारीण आहेत, म्हणजे आगरी लग्नांत विधींची गाणी गातात. त्यांच्याच नातीच्या हळदीला वाजवायचं गाणं आम्ही रेकॉर्ड केलंय. त्यांचा आवाज बेंजोत बुडत होता, म्हणून आठवडाभर मी त्यावर सॉफ्टवेअरमधले आवाज उठवणारे प्लगइन एकामागून एक चढवत होते. परवा आणखी एक नवा घेतला.

मावशींनी गाणं ऐकलं, मग दार ओढून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता लाव. मांडवात सगली काय स्पीकरसमोर बसत नाय."

आत येऊन म्हणाल्या, "सूर येतो, नावं येत नाय. घरातल्या गेलेल्या मान्सांना मी नाव घेऊन बोलावते ना, तवा बेंजोला गप बसव."

मी सगळे प्लगइन बंद केले. जिथे नाव येतं, तिथे फक्त बेंजोचा आवाज खाली ओढला. वीस मिनिटांचं काम.

मावशी पुन्हा बाहेर गेल्या. परत आल्या त्या डोळे पुसत. शेवटचं नाव त्यांच्या यजमानांचं होतं.

आठवडाभरात ते नाव मी शंभरदा तरी ऐकलं असेल. कोणाचं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तुम्ही गाणं हातात घेतल्यावर आधी काय उघडता, प्लगइनची यादी की कान?