बिनगॅसचे जीव

सन १९९४, भर मे महिना, बंगळूरचा उन्हाळा. ऐका, पण चहा आधी खाली ठेवा; हसताना सांडेल.

मी संशोधन संस्थेत फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, पण मी बसवलेला सांधा कधी गळला नाही. पुण्याहून आलेल्या जोशी मॅडम एका पोलादी यंत्रातली हवा काढून चिमूटभर गॅस सोडायच्या आणि त्याला विजेचा मार द्यायच्या. भारलेले कण एकमेकांवर आदळायचे. ताऱ्यांमधल्या ढगांत जीवाचे सुटे भाग असेच बनले का, हे त्यांना बघायचं होतं. यंत्र कणांची वजनं करून कागदावर रेघा काढायचं. महिन्यात निकाल आला नाही, तर यंत्र दुसऱ्या विभागाला जाणार होतं.

कण जिच्यावर साचायचे ती आतली प्लेट मी बसवायला घेतली.

"अण्णा, हातमोजे?" मॅडमनी विचारलं.

"ज्याचा हात कच्चा, त्याने घालावेत!"

दुसऱ्या दिवशी कागदावर रेघाच रेघा! सगळे सुटे भाग हजर! मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. संस्थेचे कानडी साहेब धावत आले. "सरी सरी, ठीक आहे, यंत्र इथेच राहील!" म्हैसूरपाक वाटला गेला. मी दोन तुकडे घेतले. का नाही घेणार? प्लेट कुणी बसवली होती?

दुपारी मॅडम कपाळाला हात लावून बसलेल्या.

"अण्णा, मोठ्या वजनाच्या रेघा जुळवल्या. खोबरेल तेल निघतंय हो! ढगात खोबरेल कुठून आलं?"

मी ठणकावलं, "मॅडम, जीवसृष्टीचा मुहूर्त तो! नारळ नको?"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी गॅसची चावी बंद केली आणि यंत्र पुन्हा चालवलं. रेघा तशाच! गॅस नाही, तरी जीव तयार!

त्यांनी माझ्या तेलाने चकचकीत केसांकडे पाहिलं.

"प्लेट उचलण्याआधी केस विंचरले होते?"

"विंचरायला कशाला हवेत? हातानेच सारखे केले."

"अण्णा, माणसाच्या घामातही हेच सुटे भाग असतात."

आता सांगा, मॅडमच्या यंत्रात जीवसृष्टी कुणापासून सुरू झाली? माझ्यापासून! तीही आंघोळीआधी!

साहेबांकडे मी स्वतः गेलो. "चूक माझी. पंधरा दिवस द्या."

"स्वल्प जास्त होतात, अण्णा."

"तेवढेच लागतील."

रोजच्या कामातून सुटायला पुतणीच्या लग्नासाठी साठवलेली रजा टाकली. लग्नाला गेलो नाही. यंत्र खोललं, धुतलं, तापवलं, जोडलं. पंधराव्या दिवशी गॅस सोडल्यावर एकच बारीक रेघ उठली. गॅस बंद करताच गेली; म्हणजे ही खरंच गॅसचीच!

यंत्र राहिलं.

"देणं फिटलं, मॅडम?"

"फिटलं, अण्णा."